अध्यक्षीणबाईंचा डावा कान

माझं बोलणं नकोसं झालं की अध्यक्षीणबाई डाव्या कानातला कापसाचा बोळा बाहेर काढत. करंगळीच्या नखानं काढायचा, उजेडात धरून पाहायचा, पदराच्या गाठीतून नवा कापूस घ्यायचा, त्यातली सरकी निवडून टाकायची, दोन बोटांत गोल वळायचा आणि कानात बसवायचा. हे सगळं इतक्या सावकाश चाले की तोवर माझं भाषण संपलेलं असे. मग माझीच समजूत घातल्यासारखं त्या म्हणत, "वाहू द्या ना वं सिस्टरबाई. घाण हाये, निंगून जाईन. बंद केली तं डोक्यात चढते."

झोपेतून उठवलंत तरी हे वाक्य मी म्हणून दाखवीन. आंजीच्या पुढे सहा-सात किलोमीटरवरच्या एका गावात, उपकेंद्रात, मी तेरा वर्षं नर्स होते. गावाचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं तर तिथले लोक वाचतील, आणि वाचलं तरी त्यांना काही वाटणार नाही, आणि मग मला पुन्हा राग येईल. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेहून रोज स्कूटीनं जायची. गावात शिरलं की पहिलं घर त्यांचं. दारातच उभ्या असायच्या. नऊवारीचा काष्टा, हातात बांबूची काठी, कानात बोळा.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हणजे दारू मिळते, फक्त दुकानावर पाटी नसते. गावातल्या बायकांनी दारूबंदी मंडळ काढलं आणि अध्यक्ष कोण, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी ह्यांच्याकडे बोट दाखवलं. तेव्हापासून त्या अध्यक्षीण. खरं नाव रेशनकार्डावर होतं, तेवढंच. नवीन माणूस हमखास धरून चाले की हिचा नवरा दारू पिऊन गेला असणार, म्हणून ही पेटून उठली. नवरा चांगला जिवंत होता. मागच्या अंगणात बसून बशीतून चहा प्यायचा आणि बायको छाप्याला निघाली की, "काठी घेतली का वं?" एवढंच विचारायचा. त्या पेटल्या होत्या त्या विहारात. दर पौर्णिमेला पंचशील म्हणायचं आणि पाचवं शील फक्त तोंडानं म्हणायचं, हे त्यांना जमेना. नशा आणणारी कुठलीही वस्तू घेणार नाही, असं आपण सगळे म्हणतो ना, मग बाहेर पडून पुरुष गावठी दारूवाल्याच्या घरामागे का जातात, असा त्यांचा साधा प्रश्न होता. नाल्याकाठी पुरलेले, दारूसाठी कुजवलेल्या मोहाच्या सडव्याचे ड्रम त्यांनी किती फोडले, त्याची गणती नाही.

पोलिसांकडे तोंड हुंगायचं यंत्र असतं. ह्यांच्याकडे काठी होती. कुणा माणसाचा संशय आला की त्या विहाराच्या पायरीपासून हापशीपर्यंत मातीत काठीनं एक सरळ रेघ ओढायच्या आणि म्हणायच्या, "चाल गा. माह्या रेघीवरून चाल." रेघीवरून नीट गेला तर सुटला. पाय चुकला तर बायका त्याच्या घरच्यांना बोलावून आणत. गावातली मोठमोठी माणसं त्या रेघीवरून चालली. सरपंचाचा भाऊ चालला. एकदा एक जावईबापू चालले आणि चार पावलांत हापशीऐवजी उकिरड्याकडे गेले. मुलं तर खेळातसुद्धा "अध्यक्षीणबाईची रेघ" खेळायची. मला ते फार आवडायचं. मंडळाच्या नुसत्या ठरावांपेक्षा त्या रेघीची दहशत मोठी होती.

अशी ही बाई. आणि तिचा तो कान.

लहानपणी गोवर आला, त्यात दोन्ही कान फुटले. उजवा कधीतरी सुकला, मात्र पडद्याला भोक राहिलं, ऐकायला कमी येई. डावा वाहतच राहिला. चाळीस वर्षं. घरचा कापूस, त्यामुळे बोळ्यांना तोटा नाही. लसूण टाकून कढवलेलं तेल व्हायचं, मेडिकलमधले थेंब व्हायचे, दोन दिवस थांबायचं, पुन्हा सुरू. वास यायचा. बायका जवळ बसताना उजव्या बाजूला बसत, ते त्यांनाही कळत होतं.

मी त्यांना किती परींनी सांगितलं. एकदा त्यांच्याच ओट्यावर बसून खडूनं घर काढून दाखवलं. ही बाहेरची ओसरी, इथवर तुमचं बोट जातं. हा पडदा, त्याला भोक आहे. ही मधली खोली, इथे पू आहे. आणि ही सगळ्यात आतली खोली. हिच्यात ऐकण्याची नस असते, आणि गवंड्याच्या लेव्हलपट्टीत जसा बुडबुडा असतो ना, तसं तोल सांभाळणारं पाणी असतं. मधल्या आणि आतल्या खोलीची भिंत पातळ आहे. मधल्या खोलीत वर्षानुवर्षं ओल मुरली तर ती भिंत झिजते, आणि एक दिवस घाण आत शिरते. मग त्या कानानं ऐकू येत नाही, आणि माणूस भेलकांडतो. ते पुन्हा दुरुस्त होत नाही.

त्यांनी सगळं लक्ष देऊन पाहिलं. मग घराच्या मागच्या बाजूला बोट दाखवून म्हणाल्या, "माह्या घराची मांगची भित वीस वर्सांपासून ओली हाये. पडली का?"

आणि करंगळी कानाकडे.

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. पण मी हट्टी. एका दिवाळीनंतर त्यांना बसमध्ये बसवून वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात नेलंच. कानाच्या डॉक्टरबाईंनी दुर्बिणीतून पाहिलं, हेडफोन लावून तपासणी केली, स्कॅन काढला आणि मला म्हणाल्या, "सिस्टर, बरं झालं आणलंत. ह्यांच्या कानात कातडीची पिशवी तयार झालीय. ती वाढते आणि हाड खात जाते. आतली नस अजून चांगली आहे. आत्ता ऑपरेशन करून सगळं साफ केलं तर आतला कान वाचेल. पण उशीर करू नका."

मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे तारीखच मागितली. तेवढ्यात अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "आपरेशनात सुंगवता का काही?"

"भूल देतो ना. तुम्हाला काही कळणार नाही. झोपाल आणि उठाल."

"म्हंजे शुद्ध हरपते?"

"हो."

"मंग नाई."

डॉक्टरबाईंना कळेना. मला कळलं. ह्या बाईनं सुईच्या आधी दंडाला स्पिरिट लावू दिलं नव्हतं. मी साबणानं धुऊन सुई टोचायची. खोकल्याच्या औषधाची बाटली मला वाचायला लावायची, "ह्याच्यात दारू तं नाई ना?" म्हणून. शुद्ध घालवणारी वस्तू घेणार नाही, असं दर पौर्णिमेला त्या म्हणत होत्या, आणि इथे एक शिकलेली बाई त्यांना तेच घ्यायला सांगत होती. "शुद्ध न हरपता कापा," त्या म्हणाल्या. "म्या हुं का चूं करणार नाई." ते होणार नाही म्हटल्यावर त्या उठल्या, डॉक्टरबाईंना हात जोडले आणि सरळ बसस्टँड गाठलं. परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. त्यांनी मला फुटाण्याची पुडी दिली. ती मी घेतली नाही.

शेवटी मी विहारात आलेल्या भंतेजींना गाठलं. माझं म्हणणं ऐकून ते मोठ्यानं हसले. अध्यक्षीणबाईंना बोलावून म्हणाले, "माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा मला काय जागं ठेवलं होतं? औषध वेगळं, नशा वेगळी. तुमचं शील कुठे जात नाही. जा, कान दाखवा."

भंतेजींचा शब्द त्यांनी मानला. मला वाटलं, सुटलो. पण तोवर कापसाची वेचणी सुरू झाली होती. मग तूर आली. मग चना. मग जयंतीची वर्गणी आणि मिरवणूक. अध्यक्षीण नाही तर बायकांना रांगेत कोण चालवणार? मग पेरणी. प्रत्येक वेळी "हे झालं की जातो, सिस्टरबाई, तुमची आन." गावात कुणाचं बाळंतपण अडलं तर ही बाई पावसात दोन कोस आंजीपर्यंत चालत जाऊन गाडी आणायची, आणि स्वतःच्या कानासाठी हिला एक सोमवार मिळत नव्हता. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं.

त्या उन्हाळ्यात त्यांना घेरी येऊ लागली. बोळा जरा जोरात दाबला की घर गर्रकन फिरायचं. लग्नाच्या मिरवणुकीतला डीजे जवळून गेला की पाय लटपटायचे. मला हे समजलं ते त्यांच्या नवऱ्याकडून, तेही सहज बोलता बोलता.  कान दाबल्यावर जग फिरतं, याचा अर्थ भिंतीला भोक पडलं आहे. मी धावत त्यांच्या घरी गेले, ओरडले, हात जोडले. त्या म्हणाल्या, "ऊन लागलं असन. कांदा खातो. हे आता पेरणीचं मार्गी लागू द्या."

पेरणी आटोपली, निंदण निघालं, आणि मग मी आठ दिवस अकोल्याला गेले. भाचीचं लग्न होतं. मला जायलाच हवं होतं, तरी ते आठ दिवस आजही माझ्या उरावर बसलेले आहेत.

त्याच आठवड्यात त्यांना ताप आला, कान ठणकला आणि एका सकाळी डोळे उघडले तर छप्पर फिरत होतं. मान हलवली की उलटी. चार दिवस त्या भिंतीला धरून पडल्या होत्या. शेजारगावच्या एका डॉक्टरनं येऊन सलाईन लावलं, अशक्तपणा आहे म्हणाला. माझा नंबर त्यांच्या नवऱ्याकडे होता. फोन का केला नाहीत, असं मी नंतर विचारलं तर तो बिचारा म्हणाला, "अध्यक्षीणच म्हणे, लग्नात कायले सांगता, सिस्टरबाई धावत येतीन."

मी आले तेव्हा त्या उठून बसलेल्या होत्या. भिंतीला हात लावत लावत चालत होत्या आणि चेहऱ्यावर समाधान होतं. "पाहा, ठणका गेला. बरा झाला कान," म्हणाल्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो डाव्या कानाला लावला, हॅलो हॅलो केलं, फोनकडे पाहिलं, "बिघडला वाट्टे," म्हणाल्या आणि उजव्या कानाला लावला. त्यातून त्यांच्या मुलीचा आवाज मला पण ऐकू येत होता. मी त्यांच्या उजव्या कानावर हात घट्ट दाबला आणि डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडले. त्या नवऱ्याकडेच पाहत होत्या. पापणीसुद्धा हलली नाही.

मी ओट्यावर बसून रडले. दुःखानं नव्हे, संतापानं. त्यांनी मला पाणी आणून दिलं, तेही अर्धं सांडत.

सोमवारी वर्ध्याला जायचं नक्की झालं, भंतेजींच्या शपथेवर. पण त्याआधी, दुसऱ्याच दिवशी, पंधरा ऑगस्टची ग्रामसभा होती. मी म्हटलं, जाऊ नका. त्या म्हणाल्या, "गावठीचा इषय हाये अन म्या घरी बसू?" काठी टेकत गेल्या. मी मागोमाग.

शाळेच्या अंगणात सगळं गाव होतं. त्या बोलायला उभ्या राहिल्या आणि डावीकडे झुकल्या. खुर्ची धरली. पहिला हसला तो गावठीवाला, ज्याचे ड्रम त्यांनी दोनदा फोडले होते. उभा राहून म्हणाला, "अध्यक्षीणबाई चार दिवस ओकून राह्यल्या होत्या म्हणे. कालपासून भिती धरून चालून राह्यल्या. म्या म्हंतो, जप्त केलेला माल जाते कुठी?" चोराच्या उलट्या बोंबा. पण लोक हसले. मग मागून कुणीतरी ओरडलं, "रेघीवरून चालवा ना!" आणि सगळ्या अंगणानं ते उचलून धरलं. ज्या ज्या माणसाला त्या रेघीवरून जावं लागलं होतं, तो प्रत्येक जण तिथे होता.

मी उठून ओरडले, "अरे, ही दारू नाही, कान आहे! कानाच्या आत बिघडलं की तोल जातो!"

"सिस्टर," एक जण म्हणाला, "दारू काय कानानं पेते का वं कोणी?"

काय हशा पिकला म्हणता! मी कान, भिंत, आतली खोली सगळं सांगत होते आणि माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. अध्यक्षीणबाईंनी हात वर केला. "नियम सगळ्यायले एकच," म्हणाल्या. स्वतः वाकून स्वतःच्या काठीनं रेघ ओढली. तीच वाकडी आली. मग काठी माझ्याकडे दिली आणि चालू लागल्या. मान ताठ, नजर समोर. पाच पावलं बरी गेली. सहावं डावीकडे पडलं, सातवं आणखी डावीकडे, आणि मग त्या बायकांच्या रांगेत जाऊन कोसळल्या. मंडळाच्याच बायका होत्या. दोघींनी हात दिला. बाकीच्यांनी पदर सावरला आणि मागे सरकल्या. ते मागे सरकणं मी विसरलेले नाही.

घरी आणून मी त्यांना खाटेवर बसवलं. मग म्हणाल्या, "सिस्टरबाई, म्या माह्या मनानं सरळच चालत होती."

ऑपरेशन झालं. अडीच तास लागले. भूल उतरल्यावर पहिलं वाक्य काय म्हणाल्या असतील? "सपन नाई पडलं. दारूत पडते म्हंतात." डॉक्टरबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं की घाण सगळी काढली आहे, आता मेंदूला धोका नाही. घेरी हळूहळू कमी होईल, उजव्या बाजूच्या जोरावर शरीर शिकेल. पण डाव्याचा आतला कान संपला. "मागच्या वर्षी आल्या असत्या तर..." त्या म्हणाल्या. मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. ते वाक्य मला पूर्ण ऐकायचं नव्हतं.

तीन महिने त्यांनी चालण्याचा सराव केला. दूरच्या निंबाकडे नजर लावायची आणि चालायचं, मान फिरवायची आणि चालायचं. नवरा मागे हात पुढे करून, लहान पोराच्या मागे चालावं तसा. दिवाळीपर्यंत उजेडात, सपाट जमिनीवर त्या अगदी सरळ चालू लागल्या. आता तोल डोळ्यांच्या आणि तळव्यांच्या आधारानं सांभाळायचा होता, अंधारात किंवा मऊ जागी तो अजून जायचाच. कान वाहायचा थांबला. वास गेला. मला वाटलं, आता गावाचं तोंड बंद होईल. मी मुद्दाम त्यांना विहारापासून हापशीपर्यंत, भर बाजाराच्या दिवशी, चालवत नेलं.

गावानं पाहिलं, आणि गावाच्या मनात जी काय थोडी शंका होती ती मिटली. आधी चालता येत नव्हतं. मग पंधरा दिवस वर्ध्याला दवाखान्यात राहून आली. आता सरळ चालते. म्हणजे दारू सोडवून आली!

मी दारोदार सांगितलं. स्कॅनचा कागद दाखवला. लोक समजूतदारपणे मान हलवत. "बरोबर हाये, सिस्टर. आपण कायले बोला? सुटली ना, झालं." चोर सोडून संन्याशाला सुळी देतात हे ऐकलं होतं. इथे सुळीही नव्हती. इथे गाव तिला मोठ्या मनानं माफ करत होतं, आणि माफ करणाऱ्याशी भांडायचं कसं, तुम्हीच सांगा. दोन पिणारे तर तिच्या घरी आले. एवढी वर्षं तिला पाहून गल्ली बदलणारे. खाली बसून विचारते झाले, "बाई, कशी सोडली तुमी? आमाले बी सांगा." ती म्हणाली, "म्या कदी घेतलीच नाई रे बाबू." ते एकमेकांकडे पाहून हसले आणि म्हणाले, "हो, हो." वर्ध्याच्या दवाखान्याचा पत्ता मात्र घेऊन गेले.

जानेवारीत ग्रामपंचायतीनं व्यसनमुक्तीचा कार्यक्रम ठेवला. महिनाअखेर मी रिटायर होणार होते, त्यामुळे मलाही बोलावणं होतं. दिवे लागायची वेळ, मंडप, स्टेजवर जाड गाद्या. अध्यक्षीणबाई पहिल्या रांगेत माझ्या शेजारी. लाउडस्पीकरचा खोका त्यांच्या डाव्या हाताला. उजव्या कानाला आधीच कमी ऐकू येई. त्या घुमणाऱ्या आवाजात त्यांना एकही शब्द लागत नव्हता. सरपंच बोलायला उभे राहिले. चांगला माणूस, मनात कपट नाही. म्हणाले, "चूक कोणाच्या हातून होत नाई? पण चूक कबूल करून, इलाज घेऊन जे पुन्हा सरळ मार्गावर येते, त्याले म्हंतात हिंमत. आपल्या अध्यक्षीणबाईनं हे करून दाखवलं." टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी त्यांना खूण केली. दोघींनी हात धरून त्यांना वर नेलं. त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला, हसत सगळ्यांना जयभीम केला आणि खाली येऊन बसल्या.

शालीवरून हात फिरवत त्यांनी माझ्याकडे उजवा कान केला. "काय म्हणे वं सरपंच?"

खोटं सांगता आलं असतं. खूप छान बोलले म्हटलं असतं तरी झालं असतं. पण तेरा वर्षं मी ह्या बाईला खरं सांगत आले, तिला ते पटो न पटो. आणि माझ्या डोक्यात तेव्हा नुसता जाळ झाला होता. त्यांच्या कानाला तोंड लावून मी सांगितलं, "म्हणाले, तुम्ही दारू सोडली."

त्यांनी नारळ मांडीवरून खाली ठेवला. मग शालीची घडी केली, चारपदरी, कोपऱ्याला कोपरा लावून. नारळ त्यावर ठेवला आणि उठून स्टेजकडे निघाल्या. मी हात धरायला गेले तो त्यांनी सोडवून घेतला.

उजेड कमी होता, आणि गाद्यांवर डोळे मिटून चालल्यासारखं होतं त्यांना. तिसऱ्या पावलाला त्या झुकल्या, मंडपाचा खांब धरला, पुन्हा निघाल्या, पुन्हा झुकल्या. सरपंचांच्या पुढ्यातल्या टेबलावर त्यांनी शाल ठेवली. कमी ऐकणारी माणसं बोलतात तशा, माइकशिवाय साऱ्या मंडपाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, "म्या घेतली नवती. माहा कान फुटला होता."

 मग पुरुषांच्या बाजूनं, फार वाईट हेतूनं नव्हे, हळहळूनच, एक आवाज आला, "चालू केली वाट्टे पुन्हा." आणि मागून कोणी फिस्सकन हसलं, आणि मग ते हसू पुढच्या रांगांपर्यंत आलं.

त्या खांब धरत, खुर्च्या धरत परत आल्या. चेहरा मोकळा झाला होता. किती महिन्यांनी तसा पाहिला. खाली बसल्या, दम घेतला आणि उजवा कान माझ्याकडे केला.

"आयकलं ना सगळ्यायनं?"

"आयकलं," मी म्हणाले.